एल्दा सोक्कोलची उशिरा पोचलेली फिर्याद

एल्दा सोक्कोलने आयुष्यातले एकतीस उन्हाळे जर्मनीतल्या फुल्दा गावात आइस्क्रीम विकण्यात घालवले. इटलीच्या डोंगरातल्या तिच्या खोऱ्यात निम्म्या घरांचं हेच होतं. फेब्रुवारी लागला की खिडक्यांच्या फळ्या ओढायच्या, बर्फातून गाडी काढायची, आल्प्स ओलांडून दुकान गाठायचं. ऑक्टोबर संपता संपता परत. स्वतःच्या गावचा उन्हाळा कसा असतो हे ती विसरूनच गेली होती; तो तिने साठी उलटल्यावर पुन्हा पाहिला. जूनमध्ये घरामागचं गवत कमरेला लागलं तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "दरवर्षी एवढं वाढतं?" शेजारीण दोन दिवस तेच सांगत गावभर फिरली.

नवरा आर्दुइनो दुकानाच्या मागच्या खोलीतच वारला, ऐन जुलैत, गिऱ्हाइकांची रांग बाहेर उभी असताना. त्यानंतर दोन हंगाम एल्दाने एकटीने रेटले आणि मग दुकान धाकट्या भावाच्या, तुल्लिओच्या, हवाली केलं. तुल्लिओ कामाला लागला तो तिच्याच हाताखाली. लिंबाच्या आइस्क्रीममध्ये साखर किती, दूध किती तापवायचं, उधळ्या गिऱ्हाइकाशी काय बोलायचं आणि चिकट्याशी काय, सगळं तिने शिकवलेलं. दुकानाची किंमत तिने नावापुरती लावली. वकिलाने भुवया उंचावल्या तर म्हणाली, "घरातच राहतंय ना. मला मूलबाळ नाही."

बाकीची पुंजी सांभाळायला सिल्व्हानो काझाल होता. खोऱ्यातल्या आइस्क्रीमवाल्यांचे कर, जर्मन पेन्शनचे अर्ज, वारसाचे कागद, सगळं काझालच्या टेबलावरून जायचं. जर्मन सरकारची पत्रं आली की बायका ती न फोडता त्याच्याकडे नेत. आर्दुइनोच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांत तो होता. त्यामुळे तो जेव्हा म्हणाला, "एल्दाबाई, बँकेत पैसे ठेवून तुम्ही बँकेचं भलं करताय. खाली रोव्हिगोजवळ वृद्धाश्रम उभा राहतोय, त्यात भाग घ्या," तेव्हा तिने सही केली. तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच पेनने. दर सहा महिन्यांनी व्याज यायचं. दिवस चुकायचा नाही.

तो वृद्धाश्रम तिने कधी पाहिला नव्हता. २०१८च्या नोव्हेंबरात चर्चने म्हाताऱ्यांची सहल काढली, पो नदीच्या मुखाकडे, मासे खायला. जेवण झाल्यावर बाकीच्या बायका कॉफी पीत बसल्या. एल्दाने पर्समधून भागाचा कागद काढला, पत्ता वाचला आणि टॅक्सी केली. म्हटलं, आलोच आहोत तर आपली इमारत बघून येऊ, जमलं तर एखादी खोलीही बघून ठेवू.

त्या रस्त्यावर एक्केचाळीस नंबरला ट्रॅक्टरची शेड होती. शेजारी मक्याचं कापलेलं रान. शेडमध्ये एक माणूस नांगराचा फाळ घासत होता.

"इथे वृद्धाश्रम होता ना? की व्हायचाय?" तिने विचारलं.

माणसाने तिच्याकडे, मग टॅक्सीकडे पाहिलं. "बाई, ही शेड माझ्या बापाने बांधली. तुमच्या आधी आणखी एक जण विचारून गेलाय. तुम्हाला पण पर्वतातल्या कुणी पाठवलं का?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून भागाचा कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तारीख होती अकरा नोव्हेंबर. ती तारीख पुढे तिला इतक्या जणांनी विचारली की झोपेतून उठवलं असतं तरी तिने सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी ती तुल्लिओकडे गेली. हंगाम संपवून तो नुकताच आला होता. त्याने सगळं ऐकलं, खुर्चीत मागे रेलला, दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"माझेही तीस हजार आहेत त्यात," तो म्हणाला.

"तू कधी बोलला नाहीस."

"बायकोलाही माहीत नव्हतं. ऐक, एल्दा. पोलिसांकडे गेलीस तर काय होईल? ते त्याचं ऑफिस सील करतील, खाती गोठवतील, आणि मग दहा वर्षं आपण बोंबलत बसू. मी बोलतो त्याच्याशी. आपलं दोघांचं एकदमच बुडालंय, निघेल तेव्हा एकदमच निघेल."

"आणि नाही निघालं तर?"

"तर आहेतच की पोलीस. कुठे पळून जातायत?"

दोन दिवसांनी तो एक मजकूर घेऊन आला. म्हणाला, काम रीतसर व्हायला हवं, उद्या कुणी म्हणायला नको की तू मागितलेच नाहीस. त्याने सांगितलं तसं एल्दाने आपल्या हाताने लिहिलं: 'अकरा नोव्हेंबर रोजी मी स्वतः त्या पत्त्यावर गेले, तिथे कोणतीही इमारत नाही हे मला कळलं, माझी रक्कम परत करावी.' खाली तारीख, सही. तुल्लिओने तिला स्वतःच्या गाडीतून पोस्टात नेलं आणि पत्र रजिस्टर करून पोचपावतीसह पाठवलं. त्या दिवशी तिला वाटलं होतं, भाऊ असावा तर असा.

काझालने पत्राचं उत्तर दिलं नाही, तो स्वतःच आला. हातात केक. डोळे ओले. म्हणाला, "एल्दाबाई, मलाही फसवलंय खालच्या लोकांनी. मी घर विकीन पण तुमचा पैसा बुडू देणार नाही. फक्त जरा दम धरा."

"किती दम?"

"नाताळ होऊ दे."

नाताळ झाला. तुल्लिओ आणि त्याची बायको निवेस एल्दाकडे जेवले. मग काझाल म्हणाला, वर्ष पालटू दे. जानेवारीत म्हणाला, घराला गिऱ्हाईक आलंय, फेब्रुवारीत व्यवहार. एल्दा दर आठवड्याला भावाला विचारायची, "जाऊ का आता चौकीवर?" आणि तुल्लिओ म्हणायचा, "आता हातातोंडाशी आलंय, आता घाण करू नकोस." पाच फेब्रुवारीला तो फुल्द्याला निघून गेला. फोनवर म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत थांब."

सव्वीस फेब्रुवारीला काझालच्या ऑफिसचं दार बंद दिसलं, काचेवरची पाटीही काढलेली. एल्दा तिथूनच सरळ पोलीस चौकीवर गेली. चौकीचा फौजदार तिच्या ओळखीचा होता, दक्षिणेकडचा, थंडीला कधीच न सरावलेला. तो हीटरजवळ बसून लिहून घेऊ लागला. नाव, पत्ता, रक्कम. मग विचारलं, "हे तुम्हाला कळलं कधी?"

"अकरा नोव्हेंबरला."

त्याने पेन खाली ठेवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटांवर मोजलं, पुन्हा पाहिलं.

"एल्दाबाई, फसवणुकीची फिर्याद ज्याची त्याने करायची असते. आणि ती कळल्या दिवसापासून तीन महिन्यांत. अकरा फेब्रुवारीला तुमची मुदत संपली."

"पंधरा दिवसांपूर्वी?"

"पंधरा दिवसांपूर्वी."

"पण त्याने पैसे तर खाल्ले ना? की तेही पंधरा दिवसांपूर्वी संपलं?"

फौजदाराने उठून दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी तुम्ही सांगाल ते लिहितो. तुम्ही सहलीला गेलात. शेड पाहिली. पण नक्की कळलं कधी? खात्री कधी पटली? कदाचित आज, बंद ऑफिस पाहून?"

एल्दाला त्याचं म्हणणं समजलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, पण त्या क्षणी बोलली असती. तोंड उघडलंही होतं. आणि मग तिला ते पत्र आठवलं. अकरा नोव्हेंबर, मी स्वतः गेले, मला कळलं. तिच्या हस्ताक्षरात. पोस्टाच्या शिक्क्यासह. आणि ते काझालच्या हातात होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला अकरालाच कळलं. त्याच्याकडे तसं लिहून दिलंय मी."

बेल्लुनोच्या मेनेगुस वकीलबाईंनीही तेच सांगितलं. फिर्याद दाखल झाली आणि उशिरा आली म्हणून निकालात निघाली. "पत्र लिहायला कुणी सांगितलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"भावाने. रीतसर व्हावं म्हणून."

वकीलबाईंनी चष्मा पुसला. "रीतसर तर झालंच," एवढंच म्हणाल्या. एल्दाला वाटलं, बिचारा तुल्लिओ, त्याला कायद्यातलं काय कळतंय. त्याचेही बुडालेच की.

पण त्या बाईंनी दुसरी एक गोष्ट सांगितली होती, ती एल्दाच्या डोक्यात राहिली. मुदत प्रत्येकाची वेगळी चालते. ज्याला अजून कळलेलंच नाही, त्याची सुरूच झालेली नाही.

वरच्या वस्तीवर बेप्पिकाका राहायचा, चौऱ्याऐंशीचा, बायको गेलेली, चाळीस वर्षं कोलोनमध्ये आइस्क्रीम विकून आलेला. त्याचे पैसेही काझालकडे होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. एल्दा गुडघाभर बर्फातून वर गेली. म्हातारा चुलीजवळ मोजे वाळवत बसला होता.

"बेप्पिकाका, मला तुम्हाला एक सांगायचंय. पण आधी बूट घाला."

"का गं? घराला आग लागलीय?"

"मी बोलले की त्याच क्षणी तुमचे दिवस मोजायला लागतात. मला ते वाया घालवायचे नाहीत. बूट घाला, कोट घाला, ओळखपत्र घ्या. मग सांगते."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "काझालबद्दल आहे?"

"बूट."

त्याने बूट घातले. कोटाची बटणं लावायला वेळ लागला, एल्दाने लावून दिली. मग तिने सांगितलं. म्हातारा खुर्चीवर पुन्हा बसला.

"तू न सांगतीस तर जूनला व्याज आलं असतं," तो म्हणाला.

"नसतं आलं."

"पण जूनपर्यंत मला वाटलं तर असतं ना, की येणार आहे."

एल्दाने खुर्ची जवळ ओढली. ती त्याचा हात धरून बसली. थोड्या वेळाने तोच उठला आणि म्हणाला, "चल. कुठे आहे तो तुझा थंडीने मरणारा फौजदार?"

पुढच्या दोन महिन्यांत तिने आणखी पाच घरं गाठली, तीन जर्मनीत, फोनवरून. प्रत्येकाला आधी विचारायची: तुम्हाला काही कळलंय का? कधी कळलं? एका बाईने फोन आपटला, म्हणाली काझाल तिच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता आहे आणि एल्दाला लाज वाटायला हवी. एकाची मुदत तिच्यासारखीच उलटून गेली होती; ट्रॅक्टरच्या शेडवर तिच्या आधी गेलेला तो हाच. बाकीच्या तिघांनी फिर्याद दिली. बेप्पिकाका धरून चार. एल्दा स्वतः त्यांच्यात नव्हती. ती फक्त साक्षीदार.

खटला उभा राहायला अडीच वर्षं गेली. साथीने कोर्टं बंद होती, मग न्यायाधीश बदलले. २०२१च्या ऑक्टोबरात एल्दाची साक्ष झाली. काझाल राखाडी सूट घालून बसला होता, पूर्वीपेक्षा बारीक. त्याने तिला मान लवून नमस्कार केला आणि सवयीने तिनेही केला, त्याचा तिला दिवसभर राग येत राहिला. तिने शेड सांगितली, केक सांगितला, नाताळ होऊ दे हे सांगितलं. साक्ष संपल्यावर ती घरी गेली नाही. बेप्पिकाकाला कमी ऐकू यायचं, त्याला सांगायला कुणीतरी हवं म्हणून ती मागच्या बाकावर त्याच्या शेजारी बसली.

मग तपास अधिकारी उभा राहिला आणि काझालच्या खात्यातून कुठे कुठे पैसे गेले ते वाचू लागला. गाडीचे हप्ते, बायकोचं खातं, एक स्लोव्हेनियातला कॅसिनो. एल्दा म्हाताऱ्याच्या कानात एकेक ओळ सांगत होती.

"वीस डिसेंबर २०१८," अधिकाऱ्याने वाचलं, "तीस हजार युरो, तुल्लिओ सोक्कोल यांना. शेरा, पूर्ण परतफेड."

एल्दा थांबली.

"काय म्हणाला?" बेप्पिकाकाने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

"काहीतरी वाचलं त्याने. कुणाला दिले?"

"माझ्या भावाला," एल्दा म्हणाली. म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून तिला ते मोठ्याने म्हणावं लागलं. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं.

तुल्लिओ परतायला अजून नऊ दिवस होते. तिने फोन केला नाही. नऊ दिवस ती सरपण रचत राहिली, रचलेलं पाडून पुन्हा रचत राहिली. तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. निवेस टेबलावर बिटाचं सारण भरून करंज्या करत होती, हात कोपरापर्यंत लाल. तुल्लिओ पेपर वाचत होता.

"वीस डिसेंबरला तुझे पैसे आले," एल्दा म्हणाली.

कुठले पैसे, असं त्याने विचारलं नाही. पेपर घडी करून बाजूला ठेवला. "कोणी सांगितलं?"

"कोर्टात वाचून दाखवलं."

निवेसने हातातली करंजी ताटात ठेवली. "मी तुला म्हटलं होतं, सांगून टाक तिला," ती नवऱ्याला म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं. एल्दाने ते ऐकलं, पण त्या वेळी तिच्या मनात त्याला जागा नव्हती.

"वीस डिसेंबरला आले. पंचवीसला तू माझ्याकडे जेवलास. दोनदा वाढून घेतलंस. वर म्हणालास, आपलं एकदमच निघेल."

"तो म्हणाला, सगळ्यांना एकदम देता येत नाही. आधी तुझे देतो, मग एल्दाबाईंचे. फक्त मार्चपर्यंत तिला शांत ठेव." तुल्लिओने खुर्ची पुढे ओढली. "मला खरंच वाटलं, एल्दा, की तुझेही देईल. दुकानाचं भाडं थकलं होतं. मी काय करायला हवं होतं?"

"आणि ते पत्र?"

त्याने टेबलक्लॉथवरचं पीठ बोटाने एका जागी गोळा केलं. "मजकूर त्यानेच सांगितला होता. फोनवर."

"ते कशासाठी आहे, तुला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. शपथ. मला वाटलं, रीतसर मागणी आहे."

"मग कधी कळलं?"

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. निवेस ते उतरवायला उठली नाही.

"तुल्लिओ. कधी कळलं?"

"जानेवारीत," तो म्हणाला. "जानेवारीच्या मध्यावर. तो बोलता बोलता म्हणाला, अकरा फेब्रुवारी गेली की आपण मोकळे."

एल्दाने मनातल्या मनात मोजलं. जवळजवळ चार आठवडे. त्या चार आठवड्यांत तो तिच्याकडे किती वेळा आला होता, ते तिला आठवत होतं. एकदा शिडी न्यायला. एकदा जाण्याआधी कपडे इस्त्री करून घ्यायला. दोन्ही वेळा तिने विचारलं होतं, जाऊ का चौकीवर.

"बस ना," निवेस म्हणाली. "जेवून जा."

एल्दाने स्कार्फ बांधला आणि ती निघाली. घरी गेल्यावर तिने आइस्क्रीमच्या दुकानातला एकच फोटो भिंतीवर होता तो काढला, कारण त्यात तुल्लिओ होता. मग लक्षात आलं की आर्दुइनोही त्यातच आहे. फोटो तिने पुन्हा लावला.

डिसेंबरात निकाल लागला. काझालला दोन वर्षांची शिक्षा झाली, चौघांना भरपाई देण्याच्या अटीवर ती स्थगित. त्याचं ऑफिस विकून चौघांना प्रत्येकी एक तृतीयांशाच्या आसपास मिळालं. निकालपत्रात एल्दाचं नाव एकदाच आलं, साक्षीदारांच्या यादीत. बेप्पिकाकाने आपल्यातले निम्मे तिला देऊ केले. तिने घेतले नाहीत, तर तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

मेनेगुसबाई म्हणाल्या, दिवाणी दावा अजून लावता येईल, त्याची मुदत मोठी असते. पण काझालचं घर केव्हाच बायकोच्या नावावर झालं होतं, आणि ते परत खेचायची मुदत उलटून गेली होती. नावावर काही नसलेल्या माणसाकडून वसूल काय करायचं? मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि भाऊ?"

"त्याच्यावर कसला दावा लावू? जेवला म्हणून?"

वकीलबाईंनी फाईल बांधली आणि त्या दिवसाची फी घेतली नाही.

फेब्रुवारीत तुल्लिओ निघाला. खोऱ्यातून जाणारा माणूस घराची किल्ली मागे ठेवून जातो, आठ महिने कुणीतरी खिडक्या उघडायला, पाइप बघायला हवं असतं. तुल्लिओच्या घराची किल्ली एल्दाकडे असायची. सकाळी गाडी तिच्या दारासमोर थांबली. निवेस गाडीतच बसून राहिली. तुल्लिओ पायऱ्या चढून आला आणि किल्ली पुढे केली, नेहमीसारखी.

"निवेसच्या बहिणीकडे दे," एल्दा म्हणाली.

"ती खाली राहते. तिला वर यायला जमत नाही."

"जमेल तिला."

तो किल्ली हातात धरून उभा राहिला. "किती दिवस असं चालणार, एल्दा?"

"मला माहीत नाही. रस्ता गोठलाय, सावकाश जा."

गाडी वळणाआड गेली. त्या उन्हाळ्यात तुल्लिओच्या खिडक्या निवेसच्या बहिणीने उघडल्या, त्याही अधूनमधून. एल्दा रोज त्या घरावरून चर्चकडे जाते. ऑगस्टच्या पावसात तिथला पन्हाळ तुटून पाणी भिंतीवरून वाहत होतं. तिने ते पाहिलं आणि संध्याकाळी फुल्द्याला फोन करून भावाला सांगितलं. एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.